हात बसेपर्यंत

भाईंदर पूर्वेला आमच्या इमारतीखाली एका दुपारी रद्दीवाला वजन करत होता. वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर एक दोनशे पानी वही होती, पुठ्ठ्याला तेलाचे डाग पडलेली. मी सहज उघडली. वही देणाऱ्या बाई शेजारच्याच जिन्यातल्या. त्या घाईने म्हणाल्या, "अहो ताई, ती नका बघू. कच्चं आहे सगळं."

वहीत एका गोष्टीची सुरुवात अकरा वेळा लिहिलेली होती. लालबागची खोली विकून भाईंदरला आलेल्या कुटुंबाची ती गोष्ट. पहिल्या सुरुवातीत आभाळ भरून आलेलं होतं. दुसरीत सासूबाई हुंदके देत होत्या, तिसरीत चाळ एखाद्या माणसासारखी बोलायला लागली होती. प्रत्येकीवर एक तिरकी काट. आठव्या सुरुवातीत पहिल्यांदा एक किल्ली आली. खोली विकली, नव्या मालकाने कुलूप बदललं, तरी सासूबाईंनी जुनी किल्ली कनवटीला लावून ठेवली होती. अकराव्या सुरुवातीपर्यंत आभाळ, हुंदके, बोलणारी चाळ सगळं गळून गेलं आणि किल्ली राहिली. हे सगळं वहीच्या डाव्या पानांवर होतं. उजव्या पानांवर खोट्या दागिन्यांना खडे लावून देण्याच्या कामाचा हिशेब होता: किती डझन, किती नग, किती परत आले. खडे चिकटवल्यावर डिंक सुकेपर्यंत हात मोकळे राहतात, तेवढ्या वेळात ही डावी पानं भरली होती. जास्त लिहायला वेळच नव्हता, म्हणून वाक्यं आखूड होती. त्या बाईंच्या लिखाणाचा सगळा जोर त्या आखूड वाक्यांत होता आणि त्या मात्र वही रद्दीत घालत होत्या.

हे पुस्तक त्या वहीपासून सुरू झालं. मीरा-भाईंदरमधल्या लिहिणाऱ्या, चित्रं काढणाऱ्या, गाणाऱ्या आणि नाटक करणाऱ्या एकवीस जणांचे खर्डे, कच्ची रेखाटनं, तालमींची टाचणं आणि त्यांबद्दल त्यांनी स्वतः सांगितलेल्या हकिगती यात आहेत. पूर्ण झालेल्या कलाकृती थोड्या आहेत, त्याही खर्ड्यांच्या शेजारी ठेवता याव्यात म्हणून घेतल्या आहेत.

मला जे म्हणायचं आहे ते आधीच सांगते. आपलं साधन आपल्याला कोणी आणून देत नाही. हातातलं काम मनासारखं होत नसताना, ते तसंच चालू ठेवल्यावर, कधीतरी ते सापडतं. सुतार, गवंडी, गवई, तबलजी हे सगळे त्याला एकच शब्द वापरतात: हात बसणं, गळ्यात बसणं. हात बसायला ज्या वस्तू खर्ची पडतात त्या वाकड्याच असतात. त्या वाकड्या वस्तूंना आपण लाजतो, लपवतो, रद्दीत घालतो. आणि मग नव्याने सुरुवात करणाऱ्याला वाटतं की चांगलं काम करणाऱ्यांच्या हातून पहिल्यापासून चांगलंच होत आलं असणार. या एका गैरसमजापायी किती माणसं लिहायची थांबली असतील, याचा विचार मला अस्वस्थ करतो.

साधन म्हटलं की लेखणी, कुंचला, कॅमेरा डोळ्यांपुढे येतो. या पुस्तकात तो शब्द जरा मोठ्या अर्थाने घेतला आहे. दिवसातली ठरलेली वेळ हे साधन आहे. आपली बोली हे साधन आहे. वाचून दाखवल्यावर खोटी तारीफ न करणारा एक माणूस हे तर फार मोठं साधन. आणि मर्यादासुद्धा साधन होऊ शकते. डिंक सुकण्याचा वेळ त्या बाईंसाठी झाला तसा.

मराठीत या विषयाचा इतिहास वाटतो त्यापेक्षा जुना आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी माणसामाणसांकडे जाऊन गोळा केल्या आणि लीळाचरित्र सिद्ध केलं. पुढे मूळ पोथी हरवली, अनुयायांनी ती पाठांतरावरून पुन्हा उभी केली, म्हणून तिचे पाठ आज एकाहून अधिक आहेत. आपल्या गद्याची सुरुवातच अशी विचारपूस, आठवण आणि पुन्हा जुळवणी यांतून झालेली आहे. तुकोबांच्या अभंगांचंही तसंच. संताजी जगनाडे यांनी लिहून ठेवलेल्या वह्या आज गाथेचा एक मोठा आधार आहेत. रचणारा एक, टिपून ठेवणारा दुसरा, ही जोडी आपल्याकडे पुनःपुन्हा दिसते.

साधनांवरचं मराठीतलं सर्वांत नेमकं जुनं प्रकरण मात्र दासबोधात आहे. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास, लेखनक्रिया निरूपण. रामदास तिथे अक्षर कसं वळवावं, ओळी सरळ कशा याव्यात, शाई, लेखण्या आणि कागद यांची तयारी कशी असावी हे एखाद्या कारागिराच्या बारकाईने सांगतात. पानाच्या चारी बाजूंनी कोरी जागा सोडायला सांगतात, कारण जुन्या पोथीचे काठ झिजून तुटतात आणि त्यांच्याबरोबर मजकूर जाऊ नये. हे वाचताना मला नेहमी वाटतं, किती पोथ्यांच्या कडा गळालेल्या पाहिल्यावर माणसाला असं सांगता येत असेल! परमार्थाच्या ग्रंथात शाई आणि समासाला एक अख्खा समास मिळाला आहे, याकडे आपल्या लेखनशिबिरांमध्ये फारसं कोणी लक्ष देत नाही.

ज्यांच्या हाती लेखणीच नव्हती त्यांचं साधन जातं होतं. दोन्ही हात खुंट्याला धरलेले, घासागणिक पडणारी लय, पहाटेचा अंधार आणि समोर बसलेली जाऊ किंवा नणंद. या चौकटीत ओवी बसते ती तिच्या मापानेच. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या बऱ्याच ओव्या एकमेकींसारख्या आहेत, थोड्या फरकाच्या आहेत, काही अर्ध्या वाटतात. तो फरक हाच त्या बायकांचा खर्डा. कागद नसला तरी त्या तीच ओळ वेगवेगळ्या घरांत, वेगवेगळ्या वर्षी, पुन्हा घडवत होत्या.

बहिणाबाई चौधरी याच परंपरेतल्या. १८८० साली असोद्याला जन्मलेल्या या बाईंना लिहिता येत नव्हतं. शेतात आणि घरात काम करताना गाणं सुचायचं आणि मुलगा सोपानदेव किंवा घरातलं कोणी जवळ असेल तर टिपून घ्यायचं. १९५१ मध्ये त्या गेल्या, १९५२ मध्ये गाणी पुस्तकरूपाने आली, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. त्या प्रस्तावनेचं मोल मोठंच आहे. पण जी गाणी टिपली गेली नाहीत ती किती असतील, हा प्रश्न मला त्या पुस्तकाच्या प्रत्येक वाचनात पडतो.

इंग्रजी अमदानीत साधन शाळेत आलं. मुंबईची जे. जे. कलाशाळा १८५७ ची. नमुना समोर ठेवून हुबेहूब काढायचं, छायाप्रकाश साधायचा, मोजमाप चुकू द्यायचं नाही, अशी ती शिस्त. तिच्यावर टीका करायची एक पद्धत पडून गेली आहे, पण मला तीत पूर्ण न्याय दिसत नाही. त्या शिस्तीतून बाहेर पडून ज्यांनी स्वतःची हत्यारं घडवली त्यांच्या हाताला आधी ती शिस्त लागली होती. दादासाहेब फाळके १८८५ मध्ये तिथे दाखल झाले. पुढे बडोद्याचं कलाभवन, छायाचित्रण, छपाई, जादूचे प्रयोग, असे कितीतरी धंदे त्यांनी केले आणि बरेच सोडले. चाळीशी उलटल्यावर येशूच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि या सगळ्या अर्धवट धंद्यांचा उपयोग एकदम लक्षात आला. १९१२ मध्ये लंडनहून विल्यम्सन कॅमेरा आणला. पैसे घालणाऱ्यांना खात्री पटावी म्हणून कुंडीत वाटाणा लावला आणि रोज थोडं थोडं चित्रण करून रोप उगवताना दाखवलं. एवढीशी ती फिल्म. पण महिनाभर एका कुंडीसमोर उभं राहण्याची तयारी, हे त्या माणसाचं खरं साधन होतं असं मला वाटतं. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्याआधी घरात, अंधारात बसून, कच्च्या फिल्मच्या पट्टीला कडेची भोकं पाडण्याचं काम सरस्वतीबाई फाळके करत होत्या. फिल्म धुणं, रसायनं कालवणं, युनिटचा स्वयंपाक, सगळं त्यांच्याकडे. अंधारात बोटांनी मापून पाडलेल्या त्या भोकांवर आपला पहिला चित्रपट पुढे सरकला आहे. त्यांच्या हाताचं नाव इतिहासात फार उशिरा घेतलं गेलं.

कोल्हापूरची गोष्ट याहून आडवळणाची. नाटकांचे पडदे रंगवणारे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे नात्यातले दोघे भाऊ चित्रपटाच्या ध्यासाने पछाडले. विलायती कॅमेरा परवडणारा नव्हता. जुना प्रोजेक्टर घेऊन, तो खोलून, उलटसुलट करून त्यांनी कॅमेरा घडवायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी शिष्य दामल्यांच्या मदतीने १९१८ मध्ये तो पुरा केला आणि त्यातून १९२० चा 'सैरंध्री' आला. अर्धं यंत्र समोर आहे, बरोबरीचा भाऊ राहिला नाही, आणि ते पुरं होईल की नाही याची काही खात्री नाही. त्या दोन वर्षांबद्दल कोणी सविस्तर लिहिलं पाहिजे. यश मिळाल्यानंतरचं सगळं लिहिलं जातं.

आमच्या रुळावरून डहाणूची लोकल जाते. तिच्या शेवटच्या टोकाला, डहाणूजवळच्या गंजाडला, जिव्या सोमा मशे राहत. २०१४ पर्यंत तो भाग आणि आम्ही एकाच ठाणे जिल्ह्यात होतो. वारली चित्र हे मूळचं लग्नघरातलं, सवाष्णींनी भिंतीवर काढायचं. तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, बांबूची काडी चावून केलेला कुंचला, शेणमातीने सारवलेली भिंत. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी वारली पाड्यांवर कागद नेला. मशे यांनी लग्नाच्या मुहूर्ताची वाट न पाहता, पुरुष असूनही, रोज काढायला सुरुवात केली. भिंत बदलली, कागद आला, कापड आलं, काडी तीच राहिली. २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. त्रिकोण, वर्तुळ आणि रेघ एवढ्या भांडवलावर त्यांनी जाळी टाकणारा कोळी, मुंग्यांची रांग आणि धावती गाडीसुद्धा काढली. साधनं वाढवत नेण्यापेक्षा एकाच साधनाशी जन्मभर राहणं, ही एक स्वतंत्र वाट आहे आणि ती आजच्या बाजारात कोणी सुचवत नाही.

आणखी एक वाट आहे, ती उशिरा किंवा चोरून लिहिणाऱ्यांची. लक्ष्मीबाई टिळक लग्नानंतर अक्षरं शिकल्या. नवऱ्याने अपुरं ठेवलेलं 'ख्रिस्तायन' त्यांनीच पुरं केलं आणि 'स्मृतिचित्रे' लिहिली तेव्हा साठी ओलांडली होती. पण माझ्या मनात घर करून आहेत त्या फलटणच्या बेबीताई कांबळे. छोटं किराणा दुकान. पुड्या बांधायला येणारी जुनी वर्तमानपत्रं ही वाचनाची सोय. दुकानात बसल्या बसल्या त्या लिहीत आणि घरच्यांच्या नजरेला पडू नये म्हणून कागद लपवून ठेवत. असे ते वीस वर्षं लपले. फलटणला राहणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांनी विचारपूस केली, धीर दिला आणि मजकूर बाहेर आला. १९८६ मध्ये 'जिणं आमुचं' पुस्तक झालं. रद्दीचे कागद वाचत आलेल्या बाईचं लिखाण रद्दीत जाता जाता राहिलं. आमच्या शेजारच्या बाईंची वही हातात घेतली तेव्हा मला आधी बेबीताई आठवल्या.

अण्णा भाऊ साठे शाळेत टिकले दीड दिवस. मुंबईत दुकानांच्या पाट्या आणि भिंतींवरच्या जाहिराती वाचत अक्षरओळख झाली, आणि १९५९ मध्ये 'फकिरा' आली. ती लिहिणारा माणूस घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत राहत होता. नारायण सुर्वे गिरणीत राबले, शाळेत शिपाई झाले, मग शिक्षक. १९६२ च्या 'ऐसा गा मी ब्रह्म' या संग्रहामागे ती सगळी वर्षं आहेत. याच सुमाराला लघुनियतकालिकांची चळवळ उभी राहिली. 'शब्द' हे अनियतकालिक पन्नाशीच्या दशकात सायक्लोस्टाइल करून निघायचं. स्टेन्सिल कापा, शाई फिरवा, पानं टाचा, वाटून टाका. छपाई पुसट, पण संपादकाच्या दारात उभं राहायची गरज संपली. नाटकवाल्यांना १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहाने तेच दिलं. 'आविष्कार'ने तिथे प्रयोग सुरू केले तेव्हा ना विंग होती ना धड प्रकाशयोजना. त्या उणिवेतूनच एक वेगळी नाट्यभाषा तयार झाली, हे त्या काळचे प्रेक्षक आजही सांगतात.

बाहेरच्या जगात या विषयावर पुस्तकांचा एक मोठा बाजार आहे. १९७३ मध्ये पीटर एल्बो यांनी मास्तरांशिवाय लिहिण्याबद्दल पुस्तक लिहून, न थांबता, न खोडता लिहीत राहण्याचा उपाय सांगितला. १९९२ मध्ये जूलिया कॅमेरॉन यांचं 'द आर्टिस्ट्स वे' आलं. सकाळी उठल्याबरोबर तीन पानं भरायची ही त्यांची शिकवण जगभर पसरली. ब्रायन इनो आणि पीटर श्मिट यांनी १९७५ मध्ये अडकलेल्या कलावंतासाठी पत्त्यांचा एक जोडच काढला. पान ओढायचं आणि त्यावरची सूचना पाळायची. यांतल्या पहिल्या दोन पुस्तकांनी मला स्वतःला मदत केली आहे, ते ऋण मान्य करते. पण ती ज्या घरासाठी लिहिली आहेत त्या घरात सकाळी टेबल मोकळं असतं. इथे सकाळी साडेपाचला कुकर लागतो आणि सहाच्या गाडीला विरारहून भरून आलेल्या डब्यात पाय ठेवायला मिळेल का याची काळजी असते. तीन पानं सकाळची ही सूचना इथल्या बाईला पुन्हा एकदा अपराधी करून जाते. आपली पद्धत आपल्या वेळापत्रकातून निघायला हवी.

म्हणून मीरा-भाईंदर. १९९१ च्या जनगणनेत इथे पावणेदोन लाख माणसं होती, २००१ मध्ये सव्वापाच लाखांच्या आसपास, २०११ मध्ये आठ लाखांवर. नगरपालिका १९८५ ची, महानगरपालिका २००२ ची. मिठागरं, खाडी, भातखाचरं आणि उत्तन-डोंगरी-चौकची गावं हे जुनं अंग. गिरगाव, लालबाग, परळहून आणि देशभरातून आलेली माणसं हे नवं. चाळीतून आलेल्यांची साधनं चाळीतच राहिली. गॅलरी, मंडळ, भजनी मंडळाची पेटी, वाचनालयाचा कट्टा, नाटकाची तालीम घ्यायला मिळणारी शाळेची खोली. दोन खोल्यांच्या फ्लॅटला दार आलं आणि ते लावून घ्यायची सवयही आली. इथे सुरुवात पहिल्यापासून करावी लागली.

कशी केली, ते या पुस्तकात पाहायला मिळेल. एक उदाहरण इथे देते. मीरा रोडहून चर्चगेटला जाणारा एक हिशेबनीस चौदा वर्षं गाडीत माणसांची चित्रं काढतो. पहिली दोन वर्षं गाडीच्या हिसक्यांशी झगडण्यात गेली. त्या वह्यांतली प्रत्येक हनुवटी थरथरते आहे. मग त्याच्या लक्षात आलं की गाडी फलाटावर उभी राहते तेवढे काही क्षण हात स्थिर असतो. तेवढ्यात बाह्यरेषा काढायची आणि गाडी सुटली की फक्त छटा भरायच्या, कारण छटेला हिसका चालतो. दहिसरला कपाळ, बोरिवलीला नाक, कांदिवलीला खांदा. समोरचा प्रवासी मध्येच उतरला तर चित्र तिथेच संपतं. त्याच्याकडे बिनओठांचे, एकाच कानाचे शेकडो चेहरे आहेत. तो ते पुरे करत नाही. आठवणीने पुरं केलेलं तोंड खोटं दिसतं, असं तो म्हणतो आणि त्याच्या वह्या पाहिल्यावर मला ते पटतं.

उत्तनला एकदा किनाऱ्यावर जाळं दुरुस्त करणाऱ्या आजोबांजवळ बराच वेळ बसले होते. मागे वलांडीवर बोंबील वाळत होते. जाळ्याची सगळी भोकं सारखी यावीत म्हणून त्यांच्या डाव्या हातात बांबूची एक पट्टी होती, वापरून वापरून काठाला काचेसारखी गुळगुळीत झालेली. मी म्हटलं, दुसरी नवी का घेत नाही? ते म्हणाले, "नवीन पट्टी हातान घेतली का जाल वाकरा येतं. हिला माजा हात माहीत हाय." त्यांच्या मांडीवरच्या जाळ्यात जुना धागा, नवा धागा, गेल्या वर्षीचा निळा, यंदाचा हिरवा, सगळे शेजारी होते. ते जाळं दुसऱ्या दिवशी पहाटे समुद्रात जाणार होतं. ठिगळं लागली म्हणून ते अपुरं आहे, असं तिथे कोणाच्या मनातही आलं नाही.

हा विषय आज निकडीचा का झाला तेही सांगायला हवं. पूर्वी खर्डा आणि छापील पान यांच्यामध्ये महिने जायचे. आता फोनला सांगितलं की काही क्षणांत सफाईदार कविता, लेख, भाषण, चित्र समोर येतं. शाळेतली मुलं निबंध असेच करून आणतात. आमच्या शनिवारच्या वाचनबैठकीत एक मुलगी सलग तीन आठवडे निर्दोष कविता वाचून दाखवत होती. चौथ्या आठवड्यात तिने स्वतःहून सांगितलं की त्या तिच्या नाहीत, आणि पाचव्या आठवड्यात आठ ओळींचा एक अडखळता मजकूर आणला. त्यात "बाबा डबा रिकामा आणतात तेव्हा तो जास्त वाजतो" असं एक वाक्य होतं. बैठकीत शांतता पसरली. तीन आठवड्यांच्या निर्दोष कवितांनी तसं झालं नव्हतं. मी यंत्राच्या विरोधात नाही. बाबूराव पेंटरांचा हा मुलूख आहे, यंत्राला घाबरायचं कारण नाही. पण यंत्राने पुरं केलेलं काम हातात आयतं आलं की मधली बिघडण्याची जागा जाते आणि आपलं साधन सापडायची जागा नेमकी तीच असते. बाबूरावांनी यंत्र खोलून पाहिलं होतं. आपण ते न खोलता वापरतो, फरक तिथे आहे.

दुसरं कारण दाखवेगिरीचं. प्रत्येकाच्या पडद्यावर दुसऱ्यांची झालेली कामं सतत सरकत असतात: रंगवलेली भिंत, लागलेला सूर, प्रकाशन समारंभ. न झालेलं काम कोणी टाकत नाही. सुरुवात करणाऱ्याच्या पहिल्या खर्ड्याची तुलना दुसऱ्याच्या विसाव्या खर्ड्याशी होते आणि तो हरतो. या पुस्तकाने ती तुलना थोडी न्याय्य करावी, एवढा साधा हेतू आहे.

पुस्तक कसं केलं, याबद्दल थोडं. खर्ड्यांतलं शुद्धलेखन आम्ही दुरुस्त केलेलं नाही. काट मारलेल्या ओळी काट मारलेल्याच छापल्या आहेत. जिथे लिहिणाऱ्याने तारीख घातली होती तिथे ती ठेवली. नव्हती तिथे अंदाज बांधला नाही. लेखकांची नावं त्यांच्या इच्छेप्रमाणे कुठे पूर्ण, कुठे आद्याक्षरांत, कुठे अजिबात नाहीत. नियम, पायऱ्या, एकवीस दिवसांचा कार्यक्रम असं काही यात सापडणार नाही, कारण एकाचं साधन दुसऱ्याच्या हातात तसंच्या तसं बसत नाही. शोधायचं कसं, याची उदाहरणं मात्र भरपूर आहेत. जी कामं शेवटपर्यंत जमलीच नाहीत त्यांनाही जागा दिली आहे. एका गृहस्थांनी नऊ वर्षं एक नाटक लिहिलं आणि ते उभं राहिलं नाही. त्यांनी तसं स्पष्ट लिहून दिलं आहे आणि तिसऱ्या अंकाचे सहा खर्डे वाचायला दिले आहेत. पुस्तकातली ती पानं मला सर्वांत जवळची आहेत.

उणिवाही सांगते. उत्तन भागातली माणसं यात दोनच आहेत, खूप जास्त असायला हवी होती. ईस्ट इंडियन बोलीतलं लेखन आम्ही मिळवू शकलो नाही. या शहरात गुजराती, हिंदी, भोजपुरी, तुळू बोलत घरोघर किती काय रचलं जात असेल. हा संग्रह मराठीपुरता राहिला. संगीताचे खर्डे कागदावर कसे आणायचे याचं उत्तर आम्हाला धड सापडलं नाही. गळ्यात बसायला लागलेली वर्षं स्वरलिपीत दिसत नाहीत. पुढच्या खंडात यातलं काही भरून काढायचा प्रयत्न आहे.

वाचताना पहिल्या पानापासून सुरू केलंच पाहिजे असं नाही. कुठूनही उघडा. मात्र काट मारलेली ओळ आली की ती वगळून पुढे जाऊ नका. थांबून विचारा की ही का गेली असेल. पेन्सिल जवळ असू द्या, समास मोठा सोडला आहे.

आणि एक विनंती आहे, ती मनापासून करते. घरात आईची, आजीची, काकांची, मुलीची अशी एखादी वही असेल, अर्धी लिहिलेली, हिशेबाच्या मागे खरडलेली, कोणी "कच्चं आहे" म्हणून कपाटावर टाकलेली. ती काढा. पहिल्या पानावर नाव आणि आठवेल ती तारीख घाला. ज्याची आहे त्याला बसवून विचारा की हे कधी लिहिलं, कुठे बसून लिहिलं, पुढे का थांबलं. रद्दीवाला महिन्याच्या पहिल्या रविवारी येतो. त्याच्या आधी हे करा.